सर्व्हर चालू, आयपीने उघडतो, पण नावाने कधी सापडतो कधी नाही

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. डिचोलीतल्या पतसंस्थेचं ऑफिस, बारा कॉम्प्युटर, जवळजवळ सगळे विंडोजवाले, मॅनेजरसाहेबांचा एक मॅक. उबंटूचा एक सर्व्हर, पत्ता १९२.१६८.१.५. त्यावरचं हिशेबाचं सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये 'हिशेब.लोकल' टाकून उघडायचं. ते नाव रिझॉल्व्ह व्हावं, म्हणजे नावावरून पत्ता मिळावा, म्हणून त्याच सर्व्हरवर डीएनएसमास्क हे डीएनएसचं (नावाचा पत्ता सांगायचं) काम करणारं सॉफ्टवेअर बसवलेलं. फायबर कंपनीने दिलेला राउटर १९२.१६८.१.१ वर, आणि मशीनना आयपी वाटायचं काम, म्हणजे डीएचसीपी, त्याच्याकडेच. नाव कधी चालतं, कधी 'सर्व्हर सापडला नाही' येतं. आयपी टाकला तर मात्र हमखास उघडतं. वीज जाऊन आली की त्रास वाढतो, सर्व्हर रीस्टार्ट केला की बरं होतं. आणि ओळखीच्या कुणीतरी सल्ला दिलाय की प्रत्येक मशीनच्या होस्ट्स फाइलमध्ये, म्हणजे नाव-पत्त्याच्या जोड्या ठेवणाऱ्या त्याच मशीनवरच्या फाइलमध्ये, नाव लिहा आणि मोकळे व्हा.

होस्ट्स फाइलकडे नंतर येतो. आधी तुम्ही सहज लिहून गेलेली गोष्ट धरू, ती सगळ्यात कामाची आहे: आयपीने हमखास उघडतं. म्हणजे केबल, स्विच, सर्व्हरचं नेटवर्क कार्ड, वेबसर्व्हर, सॉफ्टवेअर, सगळे निर्दोष सुटले. हे सांगायचं कारण म्हणजे आपल्याकडे किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत केबलच्या टोकाच्या पिना हिरव्या पडतात आणि कनेक्शन येत-जात राहतं. ते बघितलेला माणूस मधूनमधून होणाऱ्या कुठल्याही त्रासाला आधी केबलच बदलतो. पण केबल खराब असती तर तिने आयपी आणि नाव असा भेदभाव केला नसता. तुमच्याकडे बिघाड फक्त 'या नावाचा पत्ता काय' एवढ्या एका प्रश्नाच्या उत्तरात आहे.

आता 'कधी चालतं, कधी नाही' याचा अर्थ. डीएनएसमास्क बंद असता तर नाव कधीच चाललं नसतं. नोंद चुकीची असती तरी तेच. मधूनच चालतं, याचा माझ्या अनुभवात जवळजवळ एकच अर्थ निघतो: या प्रश्नाला उत्तर देणारे तुमच्या ऑफिसात एकाहून जास्त आहेत आणि त्यांच्याकडची माहिती सारखी नाही. एकाला 'हिशेब.लोकल' माहीत आहे, दुसऱ्याने ते नाव ऐकलेलंही नाही. ज्या वेळी ज्याला विचारलं जातं तसं उत्तर मिळतं. तेव्हा काहीही बदलण्याआधी तो दुसरा कोण, हे शोधायचं. सर्व्हर रीस्टार्ट केला की बरं वाटतं, पण पुरावाही त्याबरोबर पुसला जातो.

शोधायची रीत सोपी आहे, फक्त ती त्रास चालू असताना आणि त्रास असलेल्या मशीनवरच करायला हवी. कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि 'एनएसलुकअप हिशेब.लोकल' असं विचारा. सगळे लोक खालचं उत्तर वाचतात. तुम्ही वरच्या दोन ओळी वाचा. तिथे सर्व्हरचं नाव आणि पत्ता असतो, म्हणजे हे उत्तर कुणी दिलं ते. तिथे १९२.१६८.१.५ दिसायला हवं. राउटरचा १९२.१६८.१.१ दिसला, गूगलचा ८.८.८.८ दिसला, किंवा 'एफई८०'ने सुरू होणारा लांबलचक पत्ता दिसला, तर चोर सापडला. मग तीच कमांड पुन्हा द्या, या वेळी शेवटी सर्व्हरचा पत्ता जोडून: 'एनएसलुकअप हिशेब.लोकल १९२.१६८.१.५'. आता प्रश्न थेट तुमच्या सर्व्हरला जातो. पहिल्या वेळी नाव सापडलं नाही आणि दुसऱ्या वेळी सापडलं, तर सर्व्हर चोख आहे, विचारणारा भलत्याच दारात जातोय. दुसऱ्या वेळीही 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' आलं तर त्या क्षणी सर्व्हरवरचं डीएनएसमास्क उत्तरच देत नाहीये, आणि तो वेगळा रस्ता आहे. तुमच्या वर्णनावरून मला वाटतं तुमच्याकडे दोन्ही रस्ते एकमेकांत गुंतलेत.

यात एक खाचखळगा आहे. एनएसलुकअप होस्ट्स फाइल बघत नाही, विंडोजने साठवलेली जुनी उत्तरंही बघत नाही. ते स्वतः डीएनएसला विचारतं. पिंग आणि ब्राउझर मात्र विंडोजमार्फत जातात. त्यामुळे एनएसलुकअप बरोबर आणि पिंग चूक, किंवा उलट, असं दिसलं तर गोंधळू नका. तो फरक सांगतो की पिंगचं उत्तर बहुधा मशीनमध्येच साठवलेलं आहे. उबंटूवर हीच जोडी म्हणजे 'डिग' आणि 'गेटेंट होस्ट्स': डिग सरळ डीएनएसला विचारतं, गेटेंट पूर्ण यंत्रणेतून जातं.

आता दुसरा उत्तर देणारा येतो कुठून? पहिला संशय राउटरच्या डीएचसीपी पानावर. तिथे 'प्रायमरी डीएनएस' आणि 'सेकंडरी डीएनएस' अशा दोन चौकटी असतात. पहिलीत १९२.१६८.१.५ आणि दुसरीत ८.८.८.८, असं मी कित्येक ऑफिसांत बघतो. भरणाऱ्याचा हेतू चांगला असतो: सर्व्हर बंद पडला तर निदान इंटरनेट तरी चालावं. पण दुसरा डीएनएस राखीव खेळाडूसारखा बाकावर बसून राहत नाही. पहिल्याने जरा उशीर केला, विंडोज एखाद सेकंद थांबलं आणि उत्तर आलं नाही, की प्रश्न दुसऱ्याकडे जातो. गूगलचा सर्व्हर 'हिशेब.लोकल असं काही अस्तित्वातच नाही' म्हणून ठाम उत्तर देतो. 'माहीत नाही, आणखी कुणाला विचारून बघ' अशी सोय डीएनएसमध्ये नाही. 'असं नाव नाही' हे पूर्ण उत्तर धरलं जातं आणि शोध तिथेच संपतो. वर हा नकारही काही काळ साठवून ठेवला जातो. १९९८ सालच्या आरएफसी २३०८ या इंटरनेटच्या नियमपत्रात त्याचे नियम आहेत. म्हणून सर्व्हर पूर्ववत झाल्यावरही एखादं मशीन 'सापडत नाही' म्हणत बसतं आणि शेजारचं निवांत चालतं.

म्हणून एका नेटवर्कमध्ये जितके डीएनएस लिहाल, त्या सगळ्यांकडे तीच माहिती हवी. नाहीतर एकच लिहा. बारा मशीनच्या ऑफिसाला मी एकच लिहायला सांगतो: फक्त १९२.१६८.१.५, दुसरी चौकट मोकळी. काही राउटर चौकट मोकळी सोडली की आपलाच पत्ता तिथे घुसवतात. तसं असेल तर दोन्ही चौकटींत १९२.१६८.१.५ लिहा. मग सर्व्हर बंद असेल तेव्हा इंटरनेटही बंद, हे कबूल. तुमच्याकडे ते चालेल का हे तुम्हीच ठरवायचं. पतसंस्थेत हिशेबाचं सॉफ्टवेअर बंद असताना काउंटरवर तसंही काही हलत नाही, तेव्हा मला त्यात फारसं बिघडलेलं दिसत नाही. हॉटेल असतं आणि पाहुण्यांचं वायफाय त्याच डीएनएसवर असतं, तर मी वेगळं सांगितलं असतं: पाहुण्यांचं नेटवर्क वेगळं काढा, नाहीतर एका जुन्या मशीनवर दुसरं डीएनएसमास्क बसवून त्याच नोंदी तिथेही ठेवा.

दुसरा संशय आयपीव्ही६ वर, म्हणजे आयपी पत्त्यांच्या नव्या पद्धतीवर, आणि हल्ली मला हाच जास्त भेटतो. फायबरचे राउटर आयपीव्ही४ च्या डीएचसीपीशिवाय आयपीव्ही६ च्या वाटेने स्वतःची जाहिरात करत असतात, 'डीएनएस हवा तर मला विचारा' म्हणून. तुम्ही डीएचसीपीच्या पानावर कितीही नीट पत्ता लिहा, या जाहिरातीला त्याचं सोयरसुतक नसतं. 'आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल' द्या आणि 'डीएनएस सर्व्हर्स' या ओळीपासून खाली वाचा. पहिल्याच ओळीवर थांबू नका, खाली आणखी पत्ते लटकलेले असतात. त्यात 'एफई८०' किंवा '२४०'ने सुरू होणारा पत्ता असला तर तो राउटरने किंवा कंपनीने घुसवलेला आहे. इलाज राउटरमध्येच: आयपीव्ही६ च्या लॅन सेटिंगमध्ये डीएनएसची जाहिरात बंद करा किंवा तिथे सर्व्हरचा आयपीव्ही६ पत्ता लिहा. कंपनीने ते पान कुलूपबंद ठेवलं असेल तर मी मागे स्वतःचा राउटर लावतो आणि कंपनीचा नुसता इंटरनेट आणण्यापुरता ठेवतो. प्रत्येक मशीनवर आयपीव्ही६ ची खूण काढून टाकायचा शॉर्टकट मला आवडत नाही. मायक्रोसॉफ्ट स्वतः तसं करू नका म्हणते, आणि नवीन मशीन आलं की ती खूण काढायची आठवण कुणालाच राहत नाही.

तिसरा संशय, दुसरा डीएचसीपी. पेडण्याकडच्या एका शाळेत कॉम्प्युटर लॅबची अर्धी मशीनं सर्व्हरचं नाव ओळखेनात. 'आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल' मध्ये 'डीएचसीपी सर्व्हर' या ओळीत १९२.१६८.०.१ असा पत्ता होता, आणि त्या नेटवर्कमध्ये असा पत्ता कुणाचाच असायला नको होता. शोधत गेलो तर स्टाफरूमच्या कपाटावर घरून आणलेला एक वायफाय राउटर होता. केबल त्याच्या वॅनच्या (बाहेरून इंटरनेट घेणाऱ्या) भोकाऐवजी लॅनच्या (आतल्या नेटवर्कच्या) भोकात. बिचारा मनापासून सगळ्यांना आयपी वाटत होता. तुमच्याकडे मशीनचा आयपी आणि सर्व्हरचा आयपी एकाच मालिकेतले आहेत, नाहीतर आयपी टाकूनही सर्व्हर उघडला नसता. म्हणून ही शक्यता कमी. तरी ती ओळ वाचायला काही पडत नाही.

ब्राउझरचं थोडक्यात. क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये 'सिक्युअर डीएनएस' चालू करून एखादी ठरावीक कंपनी निवडलेली असेल, तर ब्राउझर तुमच्या सर्व्हरला बाजूला ठेवून परस्पर बाहेर विचारतो. खूण अशी की पिंग चालतं, एका ब्राउझरमध्ये नाव उघडतं, दुसऱ्यात नाही. आणि 'नाव टाकलं की गूगल सर्च उघडतं' ही तक्रार डीएनएसची नसतेच मुळी. ब्राउझरला ते शब्द शोधायचे वाटतात, एवढंच. शेवटी एक स्लॅश टाका किंवा सुरुवातीला एचटीटीपी लिहा, आणि एकदा बुकमार्क करून द्या.

इथवरचं झालं चुकीच्या दाराचं. आता वीज. जून लागला की तुमच्याकडे काय, आमच्याकडे काय, वीज दिवसातून किती वेळा जाते ते मोजायचं आपण सोडून दिलंय. वीज परत आली की राउटर, स्विच, सर्व्हर, मशीनं सगळी एकदम उठतात, पण तयार एकदम होत नाहीत. उबंटू सर्व्हर उठला तेव्हा स्विच अजून जागा होत असेल तर नेटवर्क कार्डाला लिंक मिळत नाही, आणि लिंक नसताना उबंटू सर्व्हर त्या कार्डाला पत्ताच देत नाही. तेवढ्यात डीएनएसमास्क सुरू होतं, '१९२.१६८.१.५ वर बसायचंय' म्हणतं, तो पत्ता मशीनवर नसतो, आणि ते चूक नोंदवून बंद पडतं. मिनिटभराने लिंक येते, पत्ता येतो, वेबसर्व्हर चालू असतो म्हणून आयपीने सगळं उघडतं. डीएनएसमास्क मात्र मेलेलंच. मशीनं मुकाट्याने दुसऱ्या डीएनएसकडे वळतात, इंटरनेट चालतं, म्हणून कुणाला संशयही येत नाही. तुम्ही सर्व्हर रीस्टार्ट करता तेव्हा स्विच जागा असतो, म्हणून त्या वेळी सगळं सुरळीत होतं. 'रीस्टार्ट केलं की बरं होतं' याचं उत्तर इथे आहे असा माझा दाट संशय आहे.

पडताळून बघा: वीज आल्यावर, काहीही रीस्टार्ट न करता, सर्व्हरवर 'सिस्टमसीटीएल स्टेटस डीएनएसमास्क' द्या. 'फेल्ड' दिसलं आणि खाली 'कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड अॅड्रेस' अशी ओळ असली तर हेच. कॉन्फिग फाइलमध्ये 'बाइंड-इंटरफेसेस' लिहिलेलं असेल ते काढून 'बाइंड-डायनॅमिक' करा. मग पत्ता उशिरा आला तरी डीएनएसमास्क तो आल्यावर त्यावर बसतं. ओळ 'अॅड्रेस ऑलरेडी इन यूज' अशी असली तर भांडण वेगळं आहे: उबंटूचं स्वतःचं नावं शोधणारं सिस्टमडी-रिझॉल्व्हड हे १२७.०.०.५३ या पत्त्यावर ५३ नंबरचा पोर्ट धरून बसलेलं असतं. तिथे त्याचा 'स्टब लिसनर' बंद करायचा, आणि मग सर्व्हरची स्वतःची रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ (कोणत्या डीएनएसला विचारायचं ते सांगणारी फाइल) कुठे बोट दाखवते तेही तपासायचं. हे दुसरं पाऊल विसरलं की सर्व्हरलाच बाहेरची नावं सापडेनाशी होतात आणि अपडेट अडकतात.

सर्व्हरला यूपीएस असेलच. स्विच आणि राउटरही त्याच यूपीएसवर घ्या. दोन्ही मिळून वीज किती खातात? एका बल्बाएवढी. वरचा सगळा परिच्छेद तेवढ्याने निम्मा टळतो.

वीज आणि डीएनएस यांचं आणखी एक नातं आहे. तुमच्याकडे लागू नसेल, पण सांगून ठेवतो, कारण सापडायला फार त्रास देतं. सर्व्हर जुना असला आणि मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल संपला असला, तर वीज गेल्यावर मशीनचं घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. डीएनएसमास्क किंवा अनबाउंड या तसल्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये डीएनएससेक तपासणी, म्हणजे उत्तरावरची डिजिटल सही तपासणं, चालू असेल, तर प्रत्येक उत्तरावरच्या सहीला 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' अशी मुदत असते. घड्याळ मागे, म्हणजे सगळ्या सह्या अजून लागूच झालेल्या नाहीत. म्हणजे उत्तरं नापास. घड्याळ सुधारायला टाइम सर्व्हरला विचारावं तर त्याचंही नाव रिझॉल्व्ह व्हायला हवं. दोघेही एकमेकांची वाट बघत बसतात. गंमत म्हणजे तुमचं घरचं नाव अशा वेळी चालतं, बाहेरची नावं सहीवाल्या डोमेनची असली तर पडतात. सर्व्हरवर नुसतं 'डेट' टाइप केलं तरी कळतं. सेल बदलायचा, आणि टाइम सर्व्हरपैकी एक तरी नावाऐवजी आयपीने लिहायचा.

आता 'डॉट लोकल'. मॅनेजरसाहेबांच्या मॅकवर त्रास सगळ्यात जास्त, असं तुम्ही लिहिलंय. त्यात मला नवल वाटलं नाही. डॉट लोकल ही शेवटची पट्टी २०१३ च्या आरएफसी ६७६२ ने मल्टिकास्ट डीएनएससाठी राखून ठेवली आहे. म्हणजे असं नाव आलं की मॅक किंवा आयफोन आधी सगळ्या नेटवर्कमध्ये हाक मारतो, 'हिशेब कोण आहे रे?' सर्व्हरवर त्या हाकेला ओ देणारं काही नसेल तर उत्तर येत नाही, किंवा खूप उशिरा येतं. डेस्कटॉप उबंटूवरही एनएसस्विच डॉट कॉन्फ या, नाव कुठे कुठे शोधायचं ते सांगणाऱ्या फाइलमध्ये अशीच अट असते: डॉट लोकल असेल आणि हाकेला उत्तर नसेल तर डीएनएसला विचारायचंच नाही. तेव्हा विंडोजवर सगळं ठीक झालं तरी मॅकवर रडगाणं चालूच राहील. नाव बदला. पतसंस्थेचं स्वतःचं डोमेन असेल तर त्याच्याच पोटात 'हिशेब' ठेवा, ते सगळ्यात उत्तम. नसेल तर 'डॉट इंटर्नल' घ्या. डोमेन नावांचा जागतिक कारभार बघणाऱ्या आयकॅनने २०२४ मध्ये ते खासगी वापरासाठी राखून ठेवलंय, त्यामुळे उद्या कुणी विकत घेऊन गोंधळ घालेल ही भीती नाही. डीएनएसमास्कमध्ये नव्या नावासाठी 'लोकल' ही सेटिंगची ओळही लिहा (डॉट लोकलशी तिचा संबंध नाही), म्हणजे त्या पट्टीचे प्रश्न तो बाहेर पाठवणार नाही, स्वतःच निकाल देईल. जुनं नाव महिनाभर बरोबर राहू द्या, कारण काउंटरवरच्या लोकांच्या बुकमार्कमध्ये तेच असणार.

आणि होस्ट्स फाइल? आज गर्दी आहे, मेंबर काउंटरवर उभे आहेत, तर दोन मशीनवर जरूर लिहा, त्यात पाप नाही. नोटपॅड अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि सेव्ह करताना फाइलला 'डॉट टीएक्सटी' शेपूट लागत नाही ना ते बघा. तशी शेपूट लागलेली होस्ट्स फाइल विंडोज वाचत नाही आणि माणूस तासभर डोकं खाजवतो. पण बाराही मशीनवर कायमचं म्हणून लिहू नका. सर्व्हरचा पत्ता कधी बदलला, की बारा ठिकाणी जुनं उत्तर खोल गाडलेलं असेल, आणि ते शोधणारा माणूस बहुधा तुम्ही नसाल. शिवाय फोनवर ती फाइल लिहिता येत नाही.

क्रम सांगायचा तर: आधी सर्व्हरवर डीएनएसमास्कचं बाइंडिंग ठीक करा. त्यानंतरच राउटरमधला दुसरा डीएनएस काढा; उलट क्रमाने केलंत तर पहिल्याच वीज गेल्यावर सगळं ऑफिस इंटरनेटविना बसेल आणि दोष तुमच्या माथी येईल. मग आयपीव्ही६ ची जाहिरात. मग प्रत्येक मशीनवर 'आयपीकॉन्फिग स्लॅश रिन्यू' आणि 'आयपीकॉन्फिग स्लॅश फ्लशडीएनएस', नाहीतर जुनी लीज, म्हणजे डीएचसीपीने दिलेली मुदत, संपेपर्यंत ती जुन्याच पत्त्यांना विचारत राहतील. नाव बदलणं सगळ्यात शेवटी, शनिवारी काउंटर बंद झाल्यावर. शेवटी सर्व्हर, स्विच, राउटर तिन्हींची वीज मुद्दाम एकदम काढून पुन्हा द्या आणि कशालाही हात न लावता दहा मिनिटांनी तपासा.

एवढं करून त्रास उरलाच तर त्रास चालू असतानाचं त्या मशीनचं 'आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल', दोन्ही प्रकारे विचारलेलं एनएसलुकअप आणि सर्व्हरवरचा डीएनएसमास्कचा स्टेटस, असं तिन्ही एकत्र पाठवा. फोटो नको, मजकूर कॉपी करा. फोटोत मागे हिशेबाचं पान उघडं राहतं आणि मेंबरांची नावं, खाती दिसतात.